प्लगइन अपडेट केलं आणि साईट पांढरी पडली: कुठून सुरुवात करायची

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातल्या छोट्या धंद्यांच्या वर्डप्रेस (साईट बनवायचं-चालवायचं सॉफ्टवेअर) साईट्स मी सांभाळतो. केळीचे व्यापारी, डाळ मिल, मिरचीवाले, मंगल कार्यालयं, दोन-तीन शाळा. या सगळ्यांकडून येणारा फोन एकच असतो: "भाऊ, साईट बंद पडी गयी." बहुतेक वेळा आदल्या दिवशी कुणीतरी एखाद्या प्लगइनचं, म्हणजे साईटला फॉर्म, गॅलरी अशी सोय जोडणाऱ्या कोडचं, 'अपडेट' दाबलेलं असतं, किंवा कुणीच काही दाबलेलं नसताना रात्री ते आपोआप झालेलं असतं. हाच बिघाड मी इतक्या वेळा काढला आहे की तपासण्यांचा क्रम आता पाठ झालाय. तो इथे लिहून ठेवतो, म्हणजे सकाळी घाईत कुणी भलतंच काही डिलीट करणार नाही.

फाईल आणि फोल्डरची नावं मी देवनागरीत लिहितोय. सर्व्हरवर ती इंग्रजी अक्षरांत असतात.

लक्षणं

- पान उघडतं, पण नुसतं पांढरं. एक अक्षरही नाही.
- साईटवर गंभीर त्रुटी आली आहे, अशा अर्थाची एकच ओळ दिसते.
- देखभालीसाठी थोडा वेळ बंद आहे, मिनिटभराने या, असं लिहून येतं आणि ते तासभर तसंच राहतं.
- ५०० क्रमांकाचा एरर येतो.
- मुखपृष्ठ नीट उघडतं, आतलं कुठलंही पान उघडलं की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'.
- साईट दिसते, पण मेनू उघडत नाही, फॉर्म जात नाही, फोटो सरकत नाहीत.
- लोकांना साईट दिसते, तुम्हाला मात्र डॅशबोर्डमध्ये (लॉगिन करून साईट सांभाळायची जागा) शिरता येत नाही.

साईटच्या जागी होस्टिंग कंपनीचं 'खातं स्थगित' असं पान किंवा डोमेन विकणाऱ्याची जाहिरात दिसत असेल, तर प्लगइनचा काही संबंध नाही. बिल भरलंय का, डोमेनची मुदत संपली का, ते बघा.

आधी धीर द्यावा असं एक सांगतो. तुमचा मजकूर, भाव, फोटोंची माहिती, ऑर्डरी हे सगळं डेटाबेसमध्ये असतं, फोटो अपलोड्सच्या फोल्डरमध्ये असतात. प्लगइन हा फक्त कोड. कुणी पान मागितलं की वर्डप्रेस चालू असलेली सगळी प्लगइन्स एकापाठोपाठ एक वाचतं, मग थीम (साईटचं रूप ठरवणारा कोड) वाचतं, मग पान तयार करतं. वाटेत एका प्लगइनमध्ये पीएचपीची (हा कोड ज्या भाषेत लिहिलेला असतो ती) गाडी अडली की पुढचं काहीच होत नाही, म्हणून पान पांढरं. माल गोदामात सुरक्षित आहे, शटर अडकलंय. त्यामुळे 'सगळं काढून वर्डप्रेस नव्याने टाकतो' हा विचार मनातून काढा. नुकसान होतं ते बहुतेक त्या पायरीवर.

फुकट आणि दोन मिनिटांच्या तपासण्या

मोबाईलचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर साईट उघडा. जमल्यास दुसऱ्या गावातल्या कुणाला तरी उघडायला सांगा. ब्राउझर जुनं पान धरून ठेवतो, आणि काही वेळा सर्व्हरची सुरक्षा तुमचाच आयपी (तुमच्या नेट-जोडणीचा क्रमांक) अडवते, विशेषतः पासवर्ड चार-पाच वेळा चुकला असेल तर. बाकी सगळ्यांना साईट दिसत असेल, तर खालचं काहीच करायची गरज नाही.

देखभालीची ओळ दिसत असेल तर दहा मिनिटं थांबा. अपडेट सुरू होताना वर्डप्रेस मूळ फोल्डरमध्ये 'डॉट मेंटेनन्स' नावाची छोटी फाईल ठेवतं आणि काम झालं की काढतं. मध्येच नेट गेलं किंवा टॅब बंद झाला तर ती तशीच राहते. दहा मिनिटांनंतर वर्डप्रेस त्या फाईलकडे लक्ष देत नाही. तरीही ओळ जात नसेल, तर होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधल्या फाईल मॅनेजरमधून लपलेल्या फाईल्स दाखवायला लावून ती काढा आणि कॅश (वेगासाठी साठवून ठेवलेली जुनी पानं) साफ करा. मात्र ओळ गेली म्हणजे अपडेट पूर्ण झालं, असं धरू नका. ते प्लगइन अर्धवट उतरलेलं असू शकतं.

आतली पानं ४०४ देत असतील आणि डॅशबोर्ड उघडत असेल, तर सेटिंग्जमध्ये पर्मालिंक्सवर जा, काहीही न बदलता 'सेव्ह' दाबा. पत्त्यांचे नियम पुन्हा लिहिले जातात. मराठी साईट्सवर याचा एक पोटप्रकार मला वारंवार भेटतो. पोस्टचा पत्ता देवनागरीत असला की साठवताना प्रत्येक अक्षर, काना आणि मात्रा नऊ-नऊ जागा खाते, आणि डेटाबेसमधल्या त्या रकान्यात जागा असतात २००. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. लांब शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटतो. मग कुणीतरी पत्त्याचं रोमन अक्षरांत रूपांतर करणारं प्लगइन टाकतं, आणि जुने पत्ते बदलले तर व्हॉट्सॲपवर फिरत असलेल्या लिंका मेल्या. असं झालं असेल तर 'सेव्ह' दाबून उपयोग नाही. ते प्लगइन शोधा.

ईमेल बघा, आणि योग्य माणसाचा बघा

मे २०१९ मध्ये आलेल्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये एक फार मोलाची सोय आहे. गंभीर त्रुटी आली की ते साईटच्या ॲडमिन ईमेलवर पत्र पाठवतं. त्यात कुठल्या प्लगइनमुळे अडलं त्याचं नाव असतं आणि रिकव्हरी मोडची लिंक असते. त्या लिंकवरून आत गेलं की बिघडलेलं प्लगइन फक्त तुमच्यापुरतं थांबवलं जातं, तुम्ही आत शिरून ते बंद करता, झालं. लिंक साधारण एक दिवस चालते.

आता अडचण. आपल्याकडे साईट बनवून दिलेली असते एखाद्या ओळखीच्या पोराने, आणि ॲडमिन ईमेल त्याचाच राहतो. पोरगा आता पुण्यात नोकरीला. पत्र त्याच्या इनबॉक्समध्ये पडून आणि इकडे मालक हैराण. अमळनेरच्या एका शाळेत नेमकं हेच झालं होतं. दोन दिवस साईट बंद, आणि उत्तर पहिल्या दहा मिनिटांतच दुसऱ्याच्या मेलमध्ये येऊन पडलेलं. आज साईट चांगली चालत असली तरी आत्ता सेटिंग्जमधल्या 'जनरल'मध्ये जाऊन तिथला ईमेल स्वतःचा आहे का बघा. मेल आला नसेल तर स्पॅममध्येही डोकवा.

डॅशबोर्ड उघडत असेल तर

शेवटचा बदल काय झाला, एवढाच प्रश्न विचारा. कोणतं प्लगइन कधी अपडेट झालं ते आठवत नसेल, तर आपोआप झालेल्या अपडेटचे मेल तपासा. ज्याच्यावर संशय आहे ते एक बंद करा आणि साईट बघा.

'डिॲक्टिव्हेट' आणि 'डिलीट' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिॲक्टिव्हेट केलं की प्लगइन वाचलं जात नाही, त्याची सेटिंग्ज आणि नोंदी जागच्या जागी राहतात. डिलीट केलं की अनेक प्लगइन्स जाताना स्वतःचे डेटाबेसमधले तक्तेही पुसतात. फॉर्मवर आलेल्या चौकशा, भावांचे जुने तक्ते, सगळं. बिघाड शोधताना डिलीटला हात लावायचा नाही.

संशय कुणावरच नसेल तर निम्मी प्लगइन्स बंद करा. साईट सुधारली तर दोषी त्या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत. पुन्हा निम्मी करा. वीस प्लगइन्स असली तरी जास्तीत जास्त पाच फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येतं. दिवसा गिऱ्हाईक साईटवर असताना हे करायचं असेल, तर 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग' हे प्लगइन वापरा. त्याच्या ट्रबलशूटिंग मोडमध्ये सगळी प्लगइन्स फक्त तुमच्या लॉगिनपुरती बंद होतात, बाकी लोकांना साईट पहिल्यासारखी दिसते.

मेनू-फॉर्म न चालण्याच्या तक्रारीत एरर कुठेच दिसत नाही, कारण अडलेलं असतं ते ब्राउझरमध्ये, जावास्क्रिप्टमध्ये. तिथे मी पहिल्यांदा कॅश आणि फाईल्स आवळणारं प्लगइन बंद करतो. दोन-दोन कॅश प्लगइन्स एकाच वेळी चालू असणं हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता तोच पहिला प्रश्न विचारतो.

डॅशबोर्डही उघडत नसेल तर

होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फाईल मॅनेजर असतो. 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डरमध्ये 'प्लगइन्स' नावाचा फोल्डर आहे, त्याचं नाव बदलून 'प्लगइन्स-जुने' करा. वर्डप्रेसला प्लगइन्स सापडणार नाहीत, म्हणून ते त्यांच्याशिवाय उघडेल. नाव बदलल्यावर फक्त साईटचं मुखपृष्ठ उघडून बघा, डॅशबोर्डमधलं प्लगइन्सचं पान उघडू नका. ते पान उघडलं की वर्डप्रेस न सापडलेली सगळी प्लगइन्स 'बंद' म्हणून नोंदवतं, आणि आधी कोणती चालू होती ती यादी जाते.

मुखपृष्ठ उघडलं? मग दोष प्लगइन्समध्येच आहे, हे पक्कं. फोल्डरचं नाव पूर्ववत करा आणि आता आतल्या एकेका प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलत जा, शेवटी अपडेट झालेल्यापासून सुरुवात करून. फाईल मॅनेजरमध्ये तारखेचा रकाना असतो, त्यावरून कोणता फोल्डर अलीकडे बदलला ते लगेच कळतं.

मुखपृष्ठ उघडलं नाही, तर घाईने 'प्लगइनचा दोष नाही' असं ठरवू नका. धुळ्याच्या एका मंगल कार्यालयाच्या साईटने मला अर्धा दिवस यातच गुंतवलं होतं. साईट एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर हलवली होती. प्लगइन्सचा फोल्डर बाजूला केला, थीम बदलली, तरी पांढरं ते पांढरंच. शेवटी डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये, प्लगइन्सच्या फोल्डरबाहेर, 'ऑब्जेक्ट-कॅश' नावाची एक पीएचपी फाईल दिसली. जुन्या ठिकाणच्या कॅश प्लगइनने ती ठेवलेली, आणि नव्या सर्व्हरवर तिला लागणारी सोयच नव्हती. अशा फाईल्सना ड्रॉप-इन म्हणतात. प्लगइन्सचा फोल्डर असो नसो, त्या वाचल्या जातातच. नाव बदललं आणि साईट उभी राहिली. तेव्हापासून मी डब्ल्यूपी-कंटेंट उघडलं की आधी सुट्या पडलेल्या फाईल्स बघतो, आणि 'एमयू-प्लगइन्स' नावाचा फोल्डर आहे का तेही. त्यातली प्लगइन्सही डॅशबोर्डमधून बंद करता येत नाहीत.

लॉगमधली ती एक ओळ

इथवर उत्तर मिळालं नाही, तर अंदाज थांबवा आणि सर्व्हर काय म्हणतो ते वाचा. बऱ्याच होस्टिंगवर साईटच्या मूळ फोल्डरमध्ये 'एरर लॉग' नावाची फाईल आपोआप तयार होते. ती नसेल तर 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाईलमध्ये डीबग आणि डीबग-लॉग चालू करायचे आणि डीबग-डिस्प्ले बंद ठेवायचा. मग डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये 'डीबग डॉट लॉग' तयार होते. काम झालं की डीबग बंद करा आणि ती फाईल काढा. पत्ता ठाऊक असलेला कुणीही अनेक सर्व्हरवर ती उघडून वाचू शकतो. डब्ल्यूपी-कॉन्फिगला हात लावण्याआधी तिची एक प्रत आपल्या संगणकावर उतरवून ठेवा. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी साईट पडते.

लॉगमध्ये शेकडो ओळी असतात. 'वॉर्निंग', 'नोटीस', 'डेप्रिकेटेड' सोडून द्या. 'फेटल एरर' शोधा आणि त्या ओळीत 'प्लगइन्स' या शब्दानंतर तिरप्या रेघेपुढे कोणाचं नाव आहे ते वाचा.

रावेरच्या केळी व्यापाऱ्याची गोष्ट इथली. रोज केळीच्या नवती, पिलबाग, कांदेबाग या बागांचे भाव साईटवर टाकणारा माणूस. कापणी कधी लावायची ते ठरवण्याआधी शेतकरी त्या तक्त्यावर नजर टाकतात. सकाळी सव्वासातला फोन: काहीच अपडेट केलेलं नाही, तरी साईट पांढरी. लॉग उघडला. फेटल एरर, 'क्रिएट फंक्शन' नावाचं फंक्शन सापडत नाही, आणि पुढे भावांचा तक्ता दाखवणाऱ्या प्लगइनचा पत्ता, ओळ क्रमांकासह. ते फंक्शन पीएचपीच्या ८.० आवृत्तीत, नोव्हेंबर २०२० मध्ये, कायमचं काढलं गेलं. होस्टिंगने रात्रीतून सर्व्हर ७.४ वरून ८ वर नेला होता, आणि तक्त्याचं प्लगइन कित्येक वर्षं कुणी हातात घेतलेलं नव्हतं. मालक खरंच बोलत होता. बदल त्याने केला नव्हता, त्याच्या पायाखालची जमीन बदलली होती.

कंट्रोल पॅनेलमध्ये पीएचपीची आवृत्ती निवडायची सोय असते. तिथून ७.४ केलं, पाच मिनिटांत भाव दिसले. पण हा आठवड्याभराचा टेकू. ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २८ नोव्हेंबर २०२२ लाच थांबलंय. त्या आठवड्यात आम्ही तक्त्यातले आकडे दुसऱ्या, अजून सांभाळल्या जाणाऱ्या प्लगइनमध्ये हलवले आणि सर्व्हर पुन्हा ८ वर नेला.

दुसरी नेहमी दिसणारी ओळ मेमरीची: '१३४२१७७२८ बाइट्सची मर्यादा संपली'. तो आकडा म्हणजे १२८ एमबी. इथे लोक फसतात, कारण ओळीत ज्या प्लगइनचं नाव असतं ते दोषी असेलच असं नाही. घागर आधीच काठोकाठ भरलेली असते, शेवटचा थेंब ज्याने टाकला त्याचं नाव छापलं जातं. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये मर्यादा २५६ एमबी करून बघा. होस्टिंगने वरून टोपी घातली असेल तर तुमचा आकडा चालणार नाही, त्यांनाच विचारावं लागतं. आणि वाढवूनही पुन्हा भरत असेल तर आकडा वाढवत बसू नका, निम्मी-निम्मी बंद करण्याची रीत वापरा.

लॉग वाचायला गेलात आणि नवीन ओळच उमटत नसेल, तर डिस्क भरली आहे का बघा. एका डाळ मिलच्या साईटवर बॅकअप घेणारं प्लगइन रोज पूर्ण साईटची प्रत त्याच सर्व्हरवर ठेवत होतं. जागा संपली, त्याच दिवशी दुसऱ्या प्लगइनचं अपडेट सुरू झालं आणि फाईल्स अर्ध्याच सुटल्या. जुने बॅकअप आधी आपल्या संगणकावर उतरवले, मग सर्व्हरवरून काढले, आणि ते अर्धवट प्लगइन नव्याने टाकलं. सर्व्हरवरच ठेवलेला बॅकअप, सर्व्हरच गेला तर, कुणाच्या कामाचा?

दोषी सापडला, आता?

त्याची जुनी आवृत्ती परत टाकता येते. वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगइन संग्रहात प्रत्येक प्लगइनच्या 'ॲडव्हान्स्ड व्ह्यू'मध्ये मागच्या आवृत्त्या असतात. फॉर्म, गॅलरी, स्लायडर यांच्या बाबतीत हे बिनधास्त करा. पण दुकान, बुकिंग, सदस्यत्व अशा प्लगइनच्या बाबतीत करू नका, कारण मोठ्या अपडेटनंतर ती डेटाबेसची रचनाही बदलतात. नव्या रचनेवर जुना कोड चढवला तर साईट उघडेल, पण ऑर्डरी चुकीच्या जागी जातील, आणि ते महिन्याने कळेल.

संग्रहात शेवटच्या अपडेटची तारीखही दिसते. दोन वर्षांत कुणी हात लावला नसेल, तर आज दुरुस्त झालेलं प्लगइन पुढच्या पीएचपीला पुन्हा पडणार. दुसरं शोधा.

५.५ आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, प्लगइन्स आपोआप अपडेट करता येतात. जुलै २०२४ च्या ६.६ पासून आपोआप झालेल्या अपडेटमुळे गंभीर त्रुटी आली तर वर्डप्रेस स्वतःच जुनी आवृत्ती परत ठेवतं. त्यामुळे साध्या प्लगइन्सना मी आता आपोआप होऊ देतो. पैशांशी संबंध असलेली हाताने, एका वेळी एक, बॅकअप घेऊन, आणि अखजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या आठवड्यात मुळीच नाही. सराफाच्या साईटला त्या आठवड्यात हात लावायचा नसतो.

इथे थांबा

काही ठिकाणी मी स्वतःही थांबतो, किंवा दुसऱ्याला थांबायला सांगतो.

बॅकअप नाही आणि पुढची पायरी डेटाबेसमध्ये आहे, तर थांबा. विशेषतः मराठी साईटचा डेटाबेस उतरवून पुन्हा चढवताना अक्षरसंच चुकला, तर सगळं देवनागरी प्रश्नचिन्हांत बदलतं, आणि प्रश्नचिन्हांतून अक्षरं परत येत नाहीत.

साईटवर ऑनलाईन पैसे घेतले जात असतील तर अंदाजाने काही बंद-चालू करू नका.

न ओळखीचा ॲडमिन दिसला, फोटोंच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाईल सापडली, किंवा मोबाईलवरून साईट उघडली की जुगाराच्या पानावर जाते, तर हा बिघाड नाही, घुसखोरी आहे. काहीही पुसू नका, पुरावा जातो. 'फुकटात प्रीमियम' म्हणून कुणी दिलेलं प्लगइन साईटवर असेल तर तेही प्रामाणिकपणे सांगा. बहुतेक वेळा दार तिथूनच उघडं राहिलेलं असतं.

आणि दोन तास झाले, लॉगमधली ओळ सापडली नाही किंवा सापडून समजली नाही, तर जाणकाराला बोलवा. त्याला व्हॉट्सॲपवर तुमचा पासवर्ड पाठवू नका. होस्टिंगमध्ये किंवा डॅशबोर्डमध्ये त्याच्यासाठी वेगळं खातं उघडा आणि काम झालं की काढा.

नंदुरबारच्या एका मिरचीवाल्याने मला एकदा पाठवलेला निरोप मी जपून ठेवलाय, कारण तो वाचून मी वीस मिनिटांत काम संपवलं: "दादा, काल रात्री ११:४० ला फॉर्मचं प्लगइन अपडेट केलं. सकाळी साईट पांढरी. मोबाईल डेटावरही तसंच. प्लगइन्सच्या फोल्डरचं नाव बदललं तर उघडते, परत पहिल्यासारखं केलं. पीएचपी ८.१ आहे. लॉगमधली शेवटची ओळ फोटोत पाठवतोय. बॅकअप परवाचा आहे, माझ्या लॅपटॉपवर. डिलीट काहीच केलेलं नाही."